धाकटीची खुशाली

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र डायलिसिसच्या मशीनवरूनच लिहितो आहे. डावा हात सुयांना दिलेला, उजवा मोकळा, आणि चार तास खुर्चीतून उठायची सोय नाही. तेव्हा पत्रं लिहायला आपल्या घरात माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी हूं हूं करतो. पत्रात निदान माझी पाळी तरी येते.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या ओळीत धाकटी कशी आहे, मग पानभर सासूबाईंच्या पाठीच्या जखमा आणि दुकानात उसवायला आलेले कोट, आणि अगदी शेवटी, समासात, जागा उरली म्हणून, तू कसा आहेस. बारा वर्षं हाच क्रम चालू आहे. भावाला किडनी दिलीस की लेक सासरी धाडलीस, ते एकदा ठरवून टाक. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून तू मला बजावलं होतंस, की धाकटीला उपाशी ठेवू नकोस, तिच्या गोळ्या वेळेवर देत जा. तेव्हाची ती नर्स अजून भेटली की हसते.

तर धाकटी झोपली आहे. दहा वर्षं मुकाट्याने राबली, मग थकून काम सोडलं. बंद पडलेली किडनी उगाच काढत नाहीत, असू देतात, असं डॉक्टरबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. त्यामुळे पोटाच्या उजव्या कोपऱ्यात ती निजून असते. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

आता माझं. संध्याकाळ झाली की ताप येतो. फार नाही, अंग कढत होतं आणि जेवणावरची वासना जाते. डिसेंबरपासून चाललं आहे. डॉक्टरबाईंनी सुयांच्या जागा बघितल्या, मशीनचं पाणी तपासलं. रक्त काढून बाटल्यांत ठेवतात आणि त्यात जंतू उगवतात का याची वाट बघतात. अजून एक अंकुर फुटलेला नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या वकीलसाहेबांनाही ताप आहे, पण त्यांच्या मानेतल्या नळीत जंतू सापडले. ते मला म्हणतात, माझ्या खटल्यात आरोपी तरी हजर आहे, तुमचा फरार दिसतो.

काळजी करू नकोस. लोभ तेवढा धाड, ताप इथे भरपूर आहे.

तुझा,
खारू

* * *

२१ जानेवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

धाकटी झोपली आहे तर झोपू दे, पण तू जागा राहा. दीड महिना ताप येतो आणि मला आज कळतं? काळजी करू नकोस असं लिहिलं की काळजी पोस्टातच राहते असं तुला वाटतं का?

दुखणं अंगावर काढायची तुझी खोड जुनी. आठवतं ना, झाडावरून पडलास तेव्हा? मीच चढायला लावलं होतं, मला बोलणी बसतील म्हणून तू मोडलेला हात शर्टात लपवून जेवायला बसलास आणि डाव्या हाताने घास घेत होतास. आईने विचारलं तर म्हणालास, डाव्याची सवय करतो आहे. खिशात गोट्या, गालात शेंगा, आणि पोटात दुखणी. खारू हे नाव तुला उगाच नाही पडलेलं. म्हणून सांगते, डॉक्टरबाई विचारतील ते सगळं त्यांना सांग. त्यांच्यापाशी शर्टात हात लपवून बसू नकोस.

मी आले असते, पण सासूबाईंना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात आणि घरात दोनच माणसं आहेत. दुकानातही थंडीचे कोट ढिगाने पडलेत. लोक वर्षभर खातात आणि थंडीत मला म्हणतात, कोट आटला.

वहिनीला सांग, रात्रीचं काहीतरी पातळ करून देत जा, गिळायला सोपं जाईल. धाकटीला माझी आठवण सांग.

लोभ असेल तर लवकर आणि खरं लिही.

तुझी,
ताई

(तू कसा आहेस?)

* * *

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समासातला प्रश्न पाहिला. बरा आहे.

तपासण्यांची वरात निघाली आहे. छातीचा फोटो झाला, क्षयाची चाचणी झाली, हृदयाच्या झडपांवर काही बसलंय का ते पाहून झालं. दातांच्या डॉक्टरने तर एक दात संशयावरून काढलाच. ताप होता तिथेच आहे, दात मात्र गेला. डॉक्टरबाई परवा पोट दाबून बघत होत्या. मी छताकडे पाहत होतो. काही नाही म्हणालो. जुन्या गोळ्या कधी बंद झाल्या असं विचारलं, ते त्यांच्या फायलीत आहेच.

वकीलसाहेब गेले. मानेतल्या नळीतले जंतू हृदयापर्यंत पोचले म्हणतात. मंगळवारी खुर्ची रिकामी होती, गुरुवारी तिच्यावर एक नवीन बाई बसल्या होत्या आणि नर्स त्यांना तेच सगळं समजावत होती जे दोन-अडीच वर्षांपूर्वी मला समजावलं. पाणी किती प्यायचं, हाताची कशी जपणूक करायची. त्या मान हलवत होत्या. मला उगाच त्या बाईंचा राग आला, आणि मग लाज वाटली.

तुझ्या वहिनीने एक खूळ डोक्यात घेतलं आहे. तिची किडनी मला द्यायची म्हणून तिने तपासण्या सुरू केल्यात. पहिलीत जुळली. मी म्हटलं, आधी ताप जाऊ दे, तापल्या घरात नवीन बिऱ्हाड आणत नाहीत. ती शाळेतून येते आणि जेवताना मला दुसऱ्या ऑपरेशनचे बेत सांगते. तिचं तोंड बघून मी दोन घास जास्त खातो आणि नंतर ओकतो.

चष्म्याच्या दुकानात सध्या अर्धा दिवस जातो. काच घासायला बोटांत जोर उरत नाही, म्हणून मालकाने गल्ल्यावर बसवलं आहे. भला माणूस आहे.

लोभ कमी करू नकोस, वजन कमी होतंय तेवढं पुरे.

तुझा,
खारू

* * *

१७ फेब्रुवारी

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

बहीणभावाच्या पत्रांत तिसऱ्याने नाक खुपसू नये, म्हणून मी एरवी लिहीत नाही. आज लिहिते आहे, कारण तुमच्याशिवाय हे माणूस कोणाचं ऐकणार नाही.

तुम्हाला ते काय लिहितात मला ठाऊक नाही, बहुतेक विनोद लिहीत असतील. खरं असं आहे की शर्ट खांद्यावरून घसरतात. रक्त वाढायची इंजेक्शनं चालू असूनही रक्त वाढत नाही, गेल्या आठवड्यात चढवावं लागलं. आणि हे डाव्या कुशीवर झोपतात. सुया टोचतात त्या हातावर झोपायचं नाही असं डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, आणि अडीच वर्षं यांनी ते पाळलेलं. आता उजवीकडे वळलं की दात आवळतात. पँटचा पट्टा सोडून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, गॅस झाला.

शनिवारी मी तापाच्या गोळ्या आणायला गेले. औषधवाल्याने सहज विचारलं, साहेबांना त्या जुन्या गोळ्या दुसरीकडे मिळाल्या का. कोणत्या म्हटलं, तर किडनीच्या म्हणाला. नोव्हेंबरात त्याने नवी चिठ्ठी आणा म्हणून सांगितलं, तेव्हापासून हे तिकडे फिरकले नाहीत. वन्सं, मी त्याला वहीतल्या जुन्या नोंदी काढायला लावल्या. परक्या किडनीवर शरीराने उठू नये म्हणून द्यायच्या त्या गोळ्या. किडनी बंद पडली तेव्हा डॉक्टरबाईंनी त्या हळूहळू थांबवल्या होत्या. यांनी थांबवल्याच नाहीत. जुन्या चिठ्ठीवर आणून दोन वर्षं गुपचूप अर्धी अर्धी घेत राहिले. नोव्हेंबरात गोळ्या संपल्या आणि डिसेंबरात ताप आला. मी भूगोल शिकवते; उगम दिसल्यावर नदी कुठे जाते ते सांगायला मला नकाशा लागत नाही.

डॉक्टरबाईंचा काही दोष नाही. त्यांच्या लेखी गोळ्या केव्हाच्या बंद, पोट दाबलं तर हे दुखत नाही म्हणतात. म्हणून त्या बिचाऱ्या छाती, हृदय, दात असं सगळं घर शोधत बसल्यात आणि चोर माजघरात आहे.

मी विचारलं तेव्हा आधी उडवून लावलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ताईने सांगितलं होतं तिला उपाशी ठेवू नकोस." एवढंच. थोड्या वेळाने म्हणाले, डॉक्टरांना कळलं तर ते तिला काढतील, मग मी ताईला काय लिहू. मी डॉक्टरबाईंना सांगितलं तर मशीनवर जाणं सोडेन, अशी धमकीही दिली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे त्यांना कळतं, पण झाकतात. आणि शेजारची ती वकीलसाहेबांची खुर्ची मी यांना न्यायला गेले की बघते.

तुम्ही लिहा. मी सांगितलं असं खुशाल लिहा, मला बोलणी खायची सवय आहे. लोभ ठेवालच, आज थोडी घाईही ठेवा.

तुमची भावजय

* * *

२२ फेब्रुवारी

चि. खारूस,

आशीर्वाद यावेळी राखून ठेवले आहेत. पत्र संपेपर्यंत वाचलंस तर मिळतील.

वहिनीने मला सगळं कळवलं. तिच्यावर डोळे वटारशील तर मी येऊन तुझे कान उपटीन. तुझी अक्कल गहाण पडली आहे का? अर्धी अर्धी गोळी खाऊन कोणाचं पोट भरत होतास?

नीट ऐक. ती माझी लेक नाही. मांसाचा एक गोळा होता. माझ्याकडे दोन होते, तुझ्याकडचे दोन्ही गेले होते, एवढाच तो मामला. मी तिला धाकटी म्हटलं ते का, ते तुला कधी सांगितलं नाही. ऑपरेशन ठरलं तेव्हापासून तू माझ्याकडे बघेनासा झाला होतास. जेवताना मान खाली. मला वाटलं, हा आता जन्मभर माझ्यासमोर असाच मान खाली घालून बसणार. म्हणून थट्टा काढली. लेक दिली म्हटलं की देणाऱ्यानेच हात जोडायचे असतात, घेणाऱ्याने ऐटीत राहायचं. तू ऐटीत राहावंस म्हणून मी ते बोलत गेले, आणि तू शहाण्याने त्या थट्टेचंच ओझं करून घेतलंस.

माझ्या धंद्यातलं सांगते. कोटाला लावलेलं ठिगळ जुनं झालं आणि मूळ कापडाला ओढायला लागलं, की ते उसवून काढावं लागतं. ते लावणारीचा त्यात अपमान नसतो. मी आजवर स्वतः लावलेली कितीतरी उसवलीत. आणि सुरी सोन्याची असली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही.

मंगळवारी सुया टोचायच्या आधी डॉक्टरबाईंना सगळं सांगायचं. गोळ्यांचं सांगायचं, आणि दुखतं ती जागा बोट ठेवून दाखवायची. मला काय लिहू म्हणतोस? हेच लिही, की सांगितलं.

मला भीती वाटते आहे, खारू. सासूबाईंना रात्री वळवताना हाताला हाडं लागतात आणि मला तुझे खांदे दिसतात. मला भाऊ हवा आहे. माझ्या मांसाचा तुकडा जपत जपत तू गेलास, तर त्या तुकड्याला मी शिव्या देईन आणि तुलाही.

आता घे. अनेक, अनेक आशीर्वाद. लोभाचं नंतर बघू.

ताई

* * *

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं किती घेत होतात, केव्हा संपल्या, आणि पुन्हा पोट दाबलं. या खेपेला मी ओरडलो. शेजारच्या नवीन बाई दचकल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं जानेवारीत ओरडला असतात तर तुमचा दात वाचला असता.

मग एक स्कॅन केला. शिरेतून औषध देतात, तासभर अंधारात पडून राहायचं, आणि शरीरात जिथे जाळ असेल तिथे चित्रात उजेड दिसतो. चित्र त्यांनी मला दाखवलं. फुप्फुसं काळी, हृदय ठीक, आणि खाली उजव्या कोपऱ्यात दिवा लावल्यासारखा उजेड. मी झोपली आहे म्हणत होतो. ती झोपली नव्हती, आणि जाळ तिने लावला नव्हता. गोळ्यांचा पहारा उठल्यावर माझं शरीर तिला परकी म्हणून जाळत होतं. माझ्या रक्ताला तू परकी वाटलीस, ताई. त्या पडद्यासमोर मी रडलो, तुझ्यापाशी काय लपवायचं.

गोळ्या पुन्हा सुरू करता येतील का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या अशक्त शरीराला त्या गोळ्यांनी खरोखरचे जंतू धरतील, मग वकीलसाहेबांची वाट. काढायलाच हवी. पण काढल्यावर रक्त आणखी तुसडं होतं, दुसऱ्या कोणाची किडनी सहसा स्वीकारत नाही. हे त्यांनी तुझ्या वहिनीसमोर सांगितलं. तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि कधी काढायची तेवढंच विचारलं.

अठराला ऑपरेशन आहे. तुला येणं जमणार नाही हे माहीत आहे. तरी ये.

लोभ बरोबर घेऊन ये.

खारू

* * *

२ एप्रिल

सौ. वहिनींस,
स. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. माझ्या मागे शेजारीण सासूबाईंना वळवायला येत होती. सासूबाईंनी मला ओळखलं, पण पंधरा दिवस कुठे होतीस ते विचारलं नाही. त्यांना मी खोलीबाहेर जाऊन आले एवढंच वाटलं.

तुमचं मागून आलेलं कार्ड मिळालं. तुमच्या आणि त्याच्या रक्ताची चाचणी फसली, आणि डॉक्टरबाईंनी आता आशा धरू नका म्हणून सांगितलं, हे वाचलं. तुम्ही कार्डावर शेवटी लिहिलंत, शाळेच्या परीक्षा जवळ आल्यात. मला ती ओळ फार लागली. तुम्ही माझ्यापाशी तरी असं दुःख झाकून लिहू नका.

एक गोष्ट तिथे असताना बोलले नाही. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरबाई बाहेर आल्या. तुम्ही तेव्हा औषधं आणायला खाली गेला होतात. ती तपासायला पाठवण्यापूर्वी बघायची आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. स्टीलच्या एका तबकात होती. मला वाटलं होतं काही ओळखीचं दिसेल, माझ्याच पोटातली म्हणून काही वाटेल. सुरकुतलेली, काळपट लाल, जागोजागी डाग पडलेली. माझ्या मुठीत मावली असती. मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला. परतीच्या गाडीत सबंध वाट पदर तोंडाला लावून बसले.

त्याला हे सांगू नका. त्याच्या मनात ती आहे तशीच राहू दे.

तुमचा माझ्यावर लोभ आहे, तो मी आता गृहीतच धरते.

तुमची वन्सं

* * *

१५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताप गेला. संध्याकाळी थर्मामीटर लावायची सवय जात नाही, म्हणून लावतो, आणि पारा शहाण्यासारखा खालीच बसलेला असतो. जेवण जातं. दुकानात काच घासायला परत बसलो आहे.

बाकी तुला कळलंच आहे. आता हे मशीन आणि मी, जितकं चालेल तितकं. तुझ्या वहिनीने तपासण्यांचे सगळे कागद गादीखाली सारले. जेवताना ती आता बेत सांगत नाही. दुसरं काही सुचत नाही म्हणून मी तिला नद्यांची नावं विचारतो, आणि ती सांगते.

उजव्या कुशीवर झोपता येतं. पण झोपेत आपोआप डावीकडे वळतो, आणि जाग आली की उजवीकडे हात जातो. तिथे काही नाही. टाक्यांची रेघ आहे आणि खड्डा आहे.

तू इथे होतीस तेव्हा आपण दोघं खिडकीखालच्या गाड्यांचे नंबर वाचत बसलो. तुझ्या कुशीत जुनी खूण, माझ्या पोटावर नवी, आणि बोलायला गाड्यांचे नंबर. काल डॉक्टरबाईंच्या बोलण्यातून निघालं की तू तिला पाहिलंस. मला सांगितलं नाहीस. आता तूही शर्टात हात लपवायला लागलीस म्हणायचं. कशी होती? खरं लिही, तूच नेहमी सांगतेस तसं.

लोभ असू दे. ठेवायला आता जागाही पुष्कळ आहे.

खारू

* * *

२१ एप्रिल

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तू कसा आहेस?

ती लहान झाली होती. मी दिली तेव्हापेक्षा पुष्कळ लहान. मला ओळखू आली नाही. दहा वर्षं राबल्यावर कोण ओळखू येतं? तू तिला उपाशी ठेवलं नाहीस, एवढं मी शपथेवर सांगेन. तिच्याबद्दल याहून जास्त मला काही माहीत नाही, आणि यापुढे मी तिच्याबद्दल विचारणार नाही.

सासूबाई शुक्रवारी पहाटे गेल्या. हात रिकामे झाले आहेत. मे महिन्यात येईन म्हणते, वहिनीला सुट्टी असेल. तिला हाताला धरून बाहेर कुठेतरी नेईन. तू घरी बस, दोन बायकांत तुझं काम नाही.

समास आज कोरा सोडला आहे. तिथे लिहायचं ते वर पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. त्याचं उत्तर आधी दे, आणि बरा आहे असं नको, सविस्तर दे.

धाकटीच्या वाट्याचा लोभही आता तुझाच.

ताई